पहिल्यांदाच घरी दिवाळीचा फराळ करताय? भिजवण्यापासून डबे भरण्यापर्यंत

फराळ बिघडला की सगळे कढईला दोष देतात. तेल जास्त तापलं, गॅस मोठा होता, झारा नीट फिरला नाही. खरं तर चकली मऊ पडते ती आठ दिवस आधी ओलसर राहिलेल्या डाळीमुळे, चिवडा सादळतो तो न वाळलेल्या कढीपत्त्यामुळे, आणि बेसनाचा लाडू बसतो तो गरम बेसनात घाईने ओतलेल्या साखरेमुळे. तळणं हा शेवटचा आणि त्यातल्या त्यात सोपा भाग आहे. त्याआधीचं धुणं, वाळवणं, भाजणं, गार करणं हे ज्याच्या त्याच्या वेळेला झालं, तर पहिल्याच वर्षी तुमचा फराळ शेजारी वाटण्याजोगा होईल.

आमच्याकडे फराळ आई करायची, हाताखाली आम्ही सगळे. ती कधी वाटी मोजायची नाही. "मावेल तितका मैदा" आणि "खमंग वास येईपर्यंत" एवढीच तिची मापं. नव्या माणसाला त्याचा उपयोग नाही, म्हणून इथे मापं दिली आहेत. चार माणसांचं घर आणि थोडं वाटायला, असा अंदाज धरलाय.

१. नवरात्रातच हात बसवून घ्या: कडाकण्या

दिवाळीच्या साधारण महिनाभर आधी नवरात्र बसतं, आणि सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर या पट्ट्यात त्यात घरोघरी कडाकण्या होतात. घटावर फुलोरा बांधतात, त्याला या पातळ कुरकुरीत गोड पुऱ्या दोऱ्याने टांगलेल्या असतात. तुमच्या घरी ही रीत नसली तरी नवशिक्याने कडाकण्या कराव्यात, कारण लाटणं, मंद आचेवर तळणं आणि पदार्थ गार झाल्यावरच कुरकुरीत होतो हे समजणं, हे तिन्ही धडे त्यात मिळतात. आणि चुकल्या तरी नुकसान मूठभर कणकेचं.

दोन वाट्या कणीक, पाव वाटी बारीक रवा, दोन मोठे चमचे कडकडीत तेलाचं मोहन (पदार्थ खुसखुशीत व्हावा म्हणून पिठात घालायचं तेल किंवा तूप), चिमूटभर मीठ. अर्धी वाटी गूळ किंवा साखर थोड्या कोमट पाण्यात विरघळवून, गाळून, त्या पाण्यात पीठ घट्ट भिजवा. अर्धा तास झाकून ठेवा. पुरीपेक्षा पातळ लाटा आणि काट्या-चमच्याने टोचे मारा, म्हणजे फुगणार नाही. टांगायच्या असतील त्यांना कच्च्या असतानाच काठाजवळ भोक पाडायचं. तळल्यावर पाडायला गेलात तर हातात तुकडे येतील. मंद आचेवर बदामी रंगावर काढा. कढईतून निघताना ती थोडी वाकेल अशी असते. घाबरून पुन्हा तेलात टाकू नका, पाच मिनिटांत कडक होते.

२. काय करायचं नाही ते आधी ठरवा

पहिल्या वर्षी चिरोटे, कडबोळी, पाकातले रव्याचे लाडू आणि शेव यांच्या वाटेला जाऊ नका. रव्याच्या लाडवाला एकतारी पाक लागतो, आणि तो एकतारीवरून पुढे जायला अर्धं मिनिट पुरतं. मग लाडू फोडायला बत्ता घ्यावा लागतो. चिरोट्याचा साटा आणि पदर जमायला सराव हवा. शेव सोपी आहे, पण ती वर्षभर कधीही करता येते.

मग राहतं काय? चिवडा, शंकरपाळे, बेसनाचे लाडू, करंजी आणि चकली. हिंमत असेल तर अनारसे. यातले पहिले तीन कुणालाही जमतात. करंजीला दुसरं माणूस हवं. चकलीला संयम हवा. अनारशाचं खाली वेगळं लिहिलं आहे, ते वाचून ठरवा.

३. सामान आणि भांडी

किराणा यादी करताना सगळ्यात जास्त फसवणूक पोह्यांत आणि बेसनात होते. चिवड्याला पातळ पोहे लागतात. कांदेपोह्यांचे जाड पोहे त्याला चालत नाहीत. लाडवाला रवाळ, जाडसर बेसन लागतं, दुकानात "लाडू बेसन" म्हणून मागा. भज्यांचं बारीक बेसन वापरलं तर लाडू टाळूला चिकटतो.

भांडी अशी:
– जाड बुडाची मोठी कढई, आणि लाडवाचं बेसन भाजायला तशीच दुसरी
– जाळीचा झारा आणि उलथनं
– सोऱ्या (चकलीचा साचा), चांदणीच्या भोकाची चकती (पितळेचा असेल तर उत्तम, पण धार आणि आटे आधी तपासा)
– करंजीसाठी कातणं
– पिठाची बारीक चाळणी
– परात, पोळपाट, लाटणं
– धुतलेली सुती फडकी, निदान चार. जुनी धोतरं किंवा साडी असेल तर त्याला तोड नाही
– घट्ट झाकणाचे कोरडे डबे
– तळण काढायला टिपकागद किंवा चाळणी. छापील वर्तमानपत्रावर तळण पसरू नका, गरम तेलात शाई सुटते आणि ती पदार्थाला लागते

सोऱ्या गेल्या वर्षीचा असेल तर आदल्या आठवड्यातच काढून घासा. आयत्या वेळी चकती सापडत नाही, हा अनुभव नसलेलं मराठी घर मी पाहिलेलं नाही.

४. उलटी मोजणी

नरक चतुर्दशीची पहिली अंघोळ हा शेवटचा दिवस धरा आणि मागे मोजा.

दहा दिवस आधी: अनारसे करणार असाल तर तांदूळ भिजत घाला.
आठ दिवस आधी: भाजणीचं (चकलीच्या भाजून दळलेल्या पिठाचं) धान्य धुऊन वाळत घाला.
सात दिवस आधी: भाजणी भाजा. अनारशाचं पीठ तयार करून मुरत ठेवा.
सहा दिवस आधी: गिरणी. याच्या पुढे ढकललंत तर रांगेत उभे राहाल.
पाच दिवस आधी: बेसनाचे लाडू.
चार दिवस आधी: शंकरपाळे. करंजीचं सारणही आजच करून ठेवा.
तीन दिवस आधी: करंज्या आणि चिवडा.
दोन दिवस आधी: चकली.
आदल्या दिवशी: अनारसे तळा, नाहीतर आराम करा.

हे कोष्टक हवामान बघून थोडं हलवावं लागतं. दिवाळी काही एका तारखेला बांधलेली नाही: २०२० साली लक्ष्मीपूजन १४ नोव्हेंबरला होतं, तर २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. दिवाळी नोव्हेंबरात आली तर हवा कोरडी असते, सगळं छान वाळतं. लवकर आली तर परतीचा पाऊस नुकताच गेलेला असतो किंवा अजून रेंगाळत असतो. अशा वर्षी वाळवणाला एक दिवस जास्त धरा. शिवाय ऑक्टोबरच्या उकाड्यात तुपाचे लाडू मऊ पडतात, तेव्हा तूप थोडं हात राखून घाला.

५. चकलीची भाजणी

इथे घाई करू नका. साधारण एक किलो भाजणीसाठी:

– तांदूळ ५०० ग्रॅम (जाडा, साधा, बासमती नको)
– हरभरा डाळ २५० ग्रॅम
– उडीद डाळ १२५ ग्रॅम
– मूग डाळ ६० ग्रॅम
– पोहे ५० ग्रॅम
– साबुदाणा २५ ग्रॅम
– धने २५ ग्रॅम
– जिरे १० ग्रॅम

चार भाग तांदूळ, दोन भाग हरभरा डाळ, एक भाग उडीद डाळ हा जुना हिशोब; बाकीचं घरोघरी वेगळं.

तांदूळ आणि डाळी वेगवेगळ्या धुऊन, निथळून फडक्यावर पसरा. सावलीत, पंख्याखाली, पातळ थर. रात्रभर राहू द्या. सकाळी मूठभर डाळ हातात घट्ट दाबून सोडा: दाणे सुटे पडले आणि तळहाताला काही चिकटलं नाही तर वाळली. हाताला गारवा लागला तरी अजून ओल आहे असं समजा.

मग भाजायचं, प्रत्येक जिन्नस वेगळा. हे कुणी एकत्र भाजायला सांगितलं तर ऐकू नका. उडीद डाळ लवकर भाजते, हरभरा डाळ वेळ घेते. एकत्र टाकलंत तर एक करपेल आणि दुसरी कच्ची राहील. आच मंद. तांदूळ हलका होऊन किंचित फुलतो आणि कढईत वाजायला लागतो, तेवढं पुरे. डाळींचा रंग बदलू द्यायचा नाही. खमंग वास सुटला आणि एक दाणा दाताखाली कट्कन तुटला की उतरवा. धने, जिरे, पोहे, साबुदाणा नुसते गरम करायचे. जास्त भाजलेल्या भाजणीची चकली तळताना लवकर काळी पडते आणि कडवट लागते.

भाजलेलं सगळं परातीत पसरून पूर्ण गार करा. पूर्ण म्हणजे खरंच पूर्ण. कोमट असताना डब्यात भरलंत तर झाकणाला आतून घाम येतो आणि आदल्या रात्रीची सगळी मेहनत तिथेच वाया.

६. गिरणीत काय सांगायचं

नुसतं "बारीक द्या" म्हणून भागत नाही. तीन गोष्टी सांगा.

एक, "तांदळावर दळून द्या." म्हणजे तुमच्या आधी जात्यात तांदूळ दळलेला असावा. गव्हानंतर लगेच तुमची भाजणी पडली तर थोडी कणीक मिसळते, आणि चकलीला चिवटपणा येतो.

दोन, बारीक, पण एकदाच. पुन्हा पुन्हा दळून पीठ तापवू नका.

तीन, पीठ कोमट असेल तर घरी येऊन आधी पसरा, मग चाळा, मग भरा.

बऱ्याच गिरण्या दिवाळीच्या आठवड्यात अर्धा किलोचं दळण घेत नाहीत. म्हणून मी वर एक किलोचं माप दिलं. सगळी चकलीला लागणार नाही. उरलेल्या भाजणीचं काय करायचं ते शेवटी आहे.

गिरणी जवळ नसेल किंवा परदेशात असाल तर मिक्सरवर थोडं थोडं फिरवा, मध्ये भांडं गार होऊ द्या, आणि बारीक चाळणीने दोनदा चाळा. चाळणीवरचा रवा चकलीत घालू नका. सोऱ्याच्या भोकात अडकतो आणि चकली तुटते.

७. बेसनाचे लाडू

अर्धा किलो लाडू बेसन, अडीचशे ग्रॅम तूप, साडेतीनशे ग्रॅम पिठीसाखर, वेलची. आवडत असतील तर बेदाणे.

सगळं तूप एकदम ओतू नका. निम्म्या तुपात बेसन मंद आचेवर परतायला घ्या. सुरुवातीला ते कोरडं, गोळ्या गोळ्यांचं, उलथन्याला जड लागतं. हात दुखायला लागतो, आणि बहुतेक लोक इथेच गॅस मोठा करतात. करू नका. उरलेलं तूप चमचा चमचा घालत राहा. वीस-पंचवीस मिनिटांनी बेसन अचानक सैल पडतं, उलथनं हलकं फिरायला लागतं आणि कडेने तूप सुटतं. वास बदलतो, घरात दुसऱ्या खोलीत बसलेला माणूस "लाडू का?" असं विचारतो, तो वास. आणखी दहा मिनिटं परतून, रंग सोनेरी बदामी झाला की एक मोठा चमचा दूध शिंपडा. फसफसून बेसन फुलतं आणि रवाळ होतं. ते दूध पूर्ण जिरेपर्यंत परता, नाहीतर लाडू टिकत नाहीत.

आता गॅस बंद, आणि कढईतून ते बेसन परातीत काढा, कारण जाड कढई बंद गॅसवरही भाजत राहते. हाताला कोमट लागेपर्यंत थांबा आणि मगच साखर घाला. गरम बेसनात साखर विरघळून मिश्रण पातळ होतं, लाडू वळले तरी ताटात बसतात. झालंच तसं, तर तासभर तसंच ठेवा, घट्ट झाल्यावर पुन्हा मळून वळा. वरून कोरडं बेसन घालण्याचा सल्ला कुणी देईल. कच्च्या बेसनाची चव लपत नाही.

८. शंकरपाळे

एक वाटी साखर, एक वाटी दूध, पाऊण वाटी तूप एकत्र करून साखर विरघळेपर्यंतच गरम करा. उकळी नको. पूर्ण गार झाल्यावर चिमूटभर मीठ आणि मावेल तितका मैदा, साधारण साडेचार ते पाच वाट्या. (बघा, आईचं माप शेवटी आलंच.) पीठ पोळीपेक्षा घट्ट, पण लाटताना कडा फाटणार नाहीत इतपत. जाडसर लाटून कातण्याने कापा, मंद आचेवर तळा. मोठ्या आचेवर बाहेरून लाल आणि आत कच्चे राहतात, मग दोन दिवसांनी खाताना पिठूळ लागतात.

९. करंजी

आवरणाला एक वाटी बारीक रवा, एक वाटी मैदा, तीन मोठे चमचे तुपाचं कडकडीत मोहन, चिमूटभर मीठ, आणि भिजवायला दूध. घट्ट भिजवून दोन तास झाका, मग बत्त्याने कुटून किंवा मिक्सरला थोडं फिरवून मऊ करा.

सारण: अडीचशे ग्रॅम सुक्या खोबऱ्याचा कीस मंद भाजून, हाताने चुरून, गार करून त्यात दोनशे ग्रॅम पिठीसाखर, दोन चमचे भाजलेली खसखस, वेलची, जायफळ. कोकणात ओल्या नारळाची करंजी करतात, गोव्यात तिला नेवरी म्हणतात. चवीला तिची सर सुक्याला नाही, पण ती एक-दोन दिवसांत संपवावी लागते. डब्यात भरायची असेल तर सुकं खोबरंच घ्या.

लाटलेली पारी आणि भरलेल्या करंज्या दोन्ही ओलसर फडक्याखाली झाकून ठेवा. वाऱ्याने कडा सुकल्या की चिकटत नाहीत, आणि एक करंजी तेलात फुटली की सारण सगळीकडे पसरून जळतं. पुढच्या सगळ्या घाण्यांवर काळे ठिपके येतात. कडेला दुधाचं बोट लावून नीट दाबा, मग कातणं फिरवा. सारण काठोकाठ भरण्याचा मोह टाळा. एकाने लाटायचं, दुसऱ्याने भरायचं, तिसरा तळायला असेल तर सोन्याहून पिवळं.

१०. चिवडा

अर्धा किलो पातळ पोहे चाळून दोन तास कडक उन्हात ठेवा. ऊन नसेल तर ओव्हनमध्ये १०० अंशांवर दहा-बारा मिनिटं. मग कढईत मंद आचेवर, थोडे थोडे, हलक्या हाताने परता. जोरात हलवले तर चुरा होतो, मोठी आच केली तर आकसतात. दोन बोटांत चुरडून कुरकुरीत वाटले की बाजूला.

फोडणीला दीडशे मिली तेल. आधी शेंगदाणे तळून काढा, मग सुक्या खोबऱ्याचे काप, मग डाळं. त्याच तेलात मोहरी, जिरे, हिंग, बारीक चिरलेल्या दहा-बारा हिरव्या मिरच्या, आणि धुऊन फडक्यावर पूर्ण कोरडा केलेला कढीपत्ता. मिरची पांढरट आणि कडक होईपर्यंत तळायची, कढीपत्ता हातात मोडला पाहिजे. चिवडा सादळतो तो इथे. मग गॅस बंद करून हळद, त्यावर पोहे आणि तळलेलं सगळं. मीठ आणि तीन-चार चमचे पिठीसाखर शेवटी, मिश्रण थोडं निवल्यावर. मनुका घालायच्या असतील तर खाताना घाला.

११. चकली

तळणाचा क्रम पाळा: गोड आधी, तिखट मागून. एकदा तेलात तीळ आणि तिखट उतरलं की त्यात करंजी तळता येत नाही.

दोन वाट्या भाजणीला पावणेदोन वाट्या पाणी. पाण्यात दोन मोठे चमचे तेल, मीठ, तिखट, हळद, एक चमचा ओवा, दोन चमचे तीळ घालून खळखळून उकळा. गॅस बंद करून भाजणी घाला, ढवळा, झाकून अर्धा तास विसरा. मग लिंबाएवढ्या भागाला कोमट पाण्याचा हात लावून भरपूर मळा. सगळं पीठ एकदम मळून ठेवू नका, सोऱ्यात भराल तेवढंच.

पहिली एकच चकली तळून बघा. ती सांगेल काय कमी आहे:

– सोऱ्यातून पडतानाच तुटते: पीठ कोरडं आहे. पाण्याचा हात लावून पुन्हा मळा.
– तेलात विरघळते, सुटी होते: मोहन जास्त. थोडी कोरडी भाजणी मिसळा.
– काटे नीट उठत नाहीत, गुळगुळीत दिसते: पीठ सैल आहे. भाजणी घाला.
– दगडासारखी कडक: मोहन कमी, किंवा मळणं कमी.
– बाहेरून लाल, गार झाल्यावर मऊ: तेल फार तापलं होतं, आत ओल राहिली.

शेवटचा दोष सगळ्यांत जास्त दिसतो. चकली टाकताना तेल चांगलं तापलेलं हवं, पण टाकल्यावर आच मध्यम करायची. थर्मामीटर असेल तर १६० ते १७० अंश. सुरुवातीला कढईभर बुडबुडे आणि जोराचा चुरचुर आवाज येतो. तो आवाज ऐका. हळूहळू बुडबुडे विरळ होतात, आवाज मंदावतो, चकली थोडी खाली बसते. बुडबुडे जवळजवळ थांबले की आतली ओल संपली. त्याआधी रंग कितीही सुंदर दिसला तरी काढू नका.

कढई निम्म्याच्या वर तेलाने भरू नका. तेलाने पेट घेतलाच तर पाणी अजिबात नाही. गॅस बंद करून झाकण ठेवायचं. ते झाकण आधीच हाताशी असू द्या. परदेशात विजेच्या शेगडीवर तळणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की बटण कमी केलं तरी वेटोळं बराच वेळ तापलेलं राहतं. म्हणून आच वेळेच्या थोडी आधीच कमी करा.

१२. अनारसे, ज्यांना धीर आहे त्यांच्यासाठी

अर्धा किलो जुना तांदूळ तीन दिवस भिजवा, पाणी रोज बदला. चौथ्या दिवशी निथळून फडक्यावर अर्धा-पाऊण तास पसरा. वरचं पाणी जायला हवं, पण दाणा आतून दमट राहायला हवा. मिक्सरवर दळून बारीक चाळा. जेवढं पीठ भरेल साधारण तेवढाच किसलेला गूळ, दोन चमचे तूप घालून मळा, गोळे करून घट्ट डब्यात पाच-सहा दिवस मुरवा.

तळताना गोळा थोड्या दुधाने मऊ करा. खसखशीवर थापा आणि खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडा. उलटायचा नाही, झाऱ्याने वर तूप उडवत राहायचं, म्हणजे जाळी पडते. कढईत तो पसरून विखुरला तर अनारसा "हसला" म्हणतात. मग पिठात चमचाभर कोरडी तांदळाची पिठी मळा. जाळीच पडली नाही तर थोडं पिकलेलं केळं मळून बघा. काढल्यावर चाळणीत उभे ठेवा, तूप निथळू द्या.

१३. डबे

सगळं गार झाल्यावरच भरा, आणि प्रत्येक पदार्थ वेगळा. चकली आणि लाडू एका डब्यात ठेवलेत तर लाडवाला तळणाचा वास लागतो आणि चकली मऊ पडते. रोजच्या खाण्याचा छोटा डबा वेगळा काढा. मोठा डबा दिवसातून दहा वेळा उघडला की हवा लागतेच. नीट भाजलेला चिवडा आणि बेसनाचा लाडू दोन-तीन आठवडे सहज टिकतात. सुक्या खोबऱ्याची करंजी दोन आठवड्यांत संपवा, खोबरं खवट होतं.

परदेशी मुलांना पाठवायचं असेल तर चिवडा आणि चकली यांना प्राधान्य द्या. दूध-तुपाच्या पदार्थांवर अनेक देशांत बंधनं असतात, ती आधी तपासा. पार्सलमध्ये खाद्यपदार्थ आहेत हे कस्टम्सच्या अर्जावर स्पष्ट लिहायचं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड याबाबत फार कडक आहेत. करंज्या पाठवूच नका, पोचेपर्यंत सारण होतं.

१४. उरलेल्या पिठाच्या भाकऱ्या, पोळ्या

भाऊबीजेपर्यंत गोडाचा कंटाळा येतो आणि भाजणीचा डबा अर्धा भरलेला असतो. एक वाटी चकलीची भाजणी, एक वाटी ज्वारीचं पीठ, बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, तिखट, हळद, मीठ, ओवा. पाण्याने सैलसर भिजवून ओल्या फडक्यावर थापा, मधे भोक पाडा, तव्यावर तेल सोडून झाकण ठेवा. हेच थालीपीठ. याच सुमारास नवी बाजरी बाजारात येते. ज्वारीऐवजी निम्मं बाजरीचं पीठ घातलंत तर आणखी खमंग लागतं. थालीपीठाची वेगळी भाजणी करायची झाली तर ती गिरणीत चकलीपेक्षा थोडी जाडसर दळून घ्यायची असते, एवढं ध्यानात ठेवा.

आणि भाऊबीज करून एसटीने परत निघालेल्याच्या पिशवीत दशम्या द्या. अर्धी वाटी गूळ पाऊण वाटी कोमट दुधात विरघळवा. दूध उकळतं नको, गुळाने ते फाटतं. गाळून त्यात दोन वाट्या कणीक, दोन चमचे तूप आणि चिमूटभर मीठ घालून पोळीपेक्षा घट्ट भिजवा. गूळ पातळ सुटला तर मूठभर कणीक आणखी लागेल. अर्ध्या तासाने जाडसर लाटून मंद आचेवर तूप लावत दोन्ही बाजूंनी भाजा. मोठ्या आचेवर गूळ लगेच करपतो. दोन दिवस मऊ राहतात. सोबत शेंगदाण्याची चटणी बांधून द्यायची.